गालातली बी, पोटातला पाला

माकड आणि वानर यांच्यात फरक काय, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? "माकड लाल तोंडाचं, वानर काळ्या तोंडाचं!" बरोबर. एखादी म्हणेल, "वानराची शेपूट लांबच लांब असते, आणि त्यांचा हुप्प्या 'हुप्प हुप्प' करतो." तेही बरोबर. दापोली-राजापूरकडचा मुलगा असेल, तर तो वैतागून म्हणेल, "फरक कसला? दोघंही आमच्या बागेची वाट लावतात!" त्याचंही काही चूक नाही. त्याच्याकडे आपण नंतर वळू.

पण हाच प्रश्न रानातल्या एखाद्या जांभळीला विचारता आला असता तर? तिने तोंडाच्या रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. ती म्हणाली असती, "एक माझी बी गालात भरून पळतं, आणि दुसरं माझा पाला ओरबाडून पोटात भरतं."

झाडाच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे, बरं का. झाडाला पाय नाहीत. आपली बी दूर पाठवायची तर त्याला वारा, पाणी नाहीतर कुणाचं तरी तोंड लागतं. ते तोंड कुणाचं आणि खाण्याची तऱ्हा कशी, यावर त्या रानात पुढे कुठलं झाड कुठे उगवणार हे बऱ्याच अंशी ठरतं. आणि खाण्याची ही तऱ्हा बदलूही शकते. घाटात गाडी थांबवून दिलेल्या वेफरच्या एका पुडीनेसुद्धा!

गालातला डबा

आधी माकडाकडे बघू. सह्याद्रीत आपल्याला दिसतं ते टोपीवालं माकड. डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे दिसतात, म्हणून इंग्रजीतही त्याला बॉनेट मकाक म्हणतात. हे फक्त दक्षिण भारतात सापडतं. उत्तरेत त्याचा चुलतभाऊ असतो, आखूड शेपटीचा ऱ्हीसस मकाक. या सगळ्या मकाक मंडळींच्या दोन्ही गालांत आतून एकेक पिशवी असते. फळलेल्या झाडावर माकड बसलं की ते आधी चावत-गिळत बसत नाही. तोंडात कोंबतं, आणखी कोंबतं, गाल गालगुंड झाल्यासारखे फुगतात, आणि मग स्वारी तिथून काढता पाय घेते. सुरक्षित फांदीवर जाऊन, हाताच्या पाठीने गाल दाबत दाबत एकेक फळ तोंडात आणायचं, गर चोखायचा आणि बी थू करून टाकायची.

एवढी घाई कशाला? कारण टोळीत मानपान कडक असतो. मकाकांमध्ये मादीचा मान तिच्या आईवरून ठरतो. थोर घराण्यातली पोरटीसुद्धा खालच्या मानाच्या म्हातारीला फांदीवरून उठवते. अशा वेळी धाकट्या मानाच्या माकडाने करायचं काय? डबा भरायचा आणि पळायचं! युगांडा देशात किबाले नावाचं जंगल आहे. तिथे गालपिशव्या असलेल्या माकडांचा अभ्यास जोआना लँबर्ट या शास्त्रज्ञ बाईंनी केला. आजूबाजूला वाटेकरी जास्त असतील, तेव्हा ही माकडं पिशव्या जास्त वापरतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे टोळीतली दादागिरी आणि रानातलं बी-पेरणं यांचा असा थेट संबंध आहे. मला तर ही गोष्ट कळली तेव्हा फार मजा वाटली होती.

प्रत्येक बी माकड थुंकतंच असं नाही. सिंगापूरच्या मधोमध बुकित तिमा नावाचं एक छोटं जंगल राखून ठेवलेलं आहे. तिथल्या लांब शेपटीच्या मकाकांवर रिचर्ड कॉर्लेट आणि पीटर ल्यूकस यांनी १९९० साली एक निबंध प्रसिद्ध केला. बी साधारण ३-४ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर माकड ती फळाबरोबर गिळून टाकतं, त्याहून मोठी असेल तर बहुधा थुंकतं, असं त्यांना आढळलं. आपल्याकडच्या फळांना हेच माप लावून बघा. उंबराच्या नाहीतर वडाच्या फळातल्या बिया मोहरीहून बारीक. त्या पोटातून प्रवास करून लेंड्यांतून कुठेतरी लांब पडणार. जांभळाची बी मोठी. ती गालातून जाणार, थोड्याच अंतरावर पडणार.

थोड्या अंतराचाही फायदा असतो का? असतो. डॅनियल जॅन्झन आणि जोसेफ कॉनेल या दोन शास्त्रज्ञांनी १९७० आणि १९७१ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक कल्पना मांडली. आईच्या झाडाखाली बियांचा खच पडतो. मग त्या झाडावर पोसणारे किडे, बुरशी, बिया फोडणारे उंदीर सगळे तिथेच मुक्काम ठोकतात. म्हणून आईच्या पदराखालची रोपं मरतात आणि दूर पडलेली वाचण्याची शक्यता वाढते. उष्ण प्रदेशातल्या रानात एकाच जातीची झाडं गठ्ठ्याने न वाढता शेकडो जाती मिसळून का वाढतात, याचं एक कारण हे असावं, असं शास्त्रज्ञ मानतात.

मग ज्याच्या पोटातून बी जास्त दूर जाईल तो जास्त चांगला माळी, असं म्हणायचं का? थांबा, घाई नको. किबालेतच लँबर्टबाईंनी चिंपँझी आणि तांबड्या शेपटीचं माकड यांची तुलना केली. चिंपँझी मोठा गडी. तो बिया सरळ गिळतो आणि मैलभर लांब नेऊनही टाकतो. पण टाकतो कशा? विष्ठेत, गठ्ठ्याने. असा गठ्ठा उंदरांना आणि किड्यांना आयताच सापडतो. तांबड्या शेपटीचं माकड बी लांब नेत नाही, बऱ्याचदा झाडाजवळच टाकतं. पण एकेक, वेगवेगळी, आणि चोखून लख्ख केलेली. गर चिकटलेल्या बीला बुरशी पटकन धरते, साफ बीला तितकी धरत नाही. त्यामुळे काही झाडांच्या बाबतीत थुंकलेली बी आईजवळ पडूनही छान रुजते. एकाच रानात दोघंही हवेत, कारण दोघांचं काम एकमेकांना करता येत नाही.

पोटातला कारखाना

आता वानर. याला गालपिशवी नाही. पण त्याचं पोट बघण्यासारखं आहे. गाई-म्हशींसारखे त्यातही कप्पे असतात आणि त्यांत कोट्यवधी जिवाणू राहतात. आपण साग किंवा पळसाची पानं खाल्ली तर काय होईल? पोट तेवढं दुखेल, अंगी काहीच लागणार नाही. वानराच्या पोटातले जिवाणू मात्र तो पाला आंबवून मऊ करतात आणि त्यातून अन्न काढून देतात. (रवंथ मात्र वानर करत नाही हं!) याच पोटामुळे एक अडचणही येते. गोड, पिकलेली फळं भरमसाट खाल्ली तर आंबण्याची क्रिया बिघडून आम्ल वाढतं. म्हणून वानराचा ओढा कोवळी पानं, कळ्या, कच्ची फळं आणि बिया यांच्याकडे. कच्च्या फळातली बी ते दाढेखाली चक्क दळून टाकतं. म्हणजे अशा बीला रुजायची संधीच नाही. उंबरासारख्या बारीक बिया तेवढ्या सुटतात.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, "म्हणजे माकड चांगलं आणि वानर वाईट!" असं नाही. वानर एक काम फार छान करतं, आणि तेही निव्वळ गबाळेपणामुळे.

वानराला जेवताना पाहिलंय? फांदी ओढायची, दोन पानं खायची, बाकीची फेकायची. फळ तोडायचं, एक चावा घ्यायचा, टाकून द्यायचं. घरात कुणी असं जेवलं तर आजीने केव्हाच पाठीत धपाटा घातला असता! पण झाडाखाली या उष्ट्याची वाट बघत कुणीतरी उभं असतं. ते म्हणजे चितळ. ताडोबाला किंवा पेंचला गेलात तर वानरांच्या झाडाखाली मान वर करून उभी राहिलेली चितळं हमखास दिसतील. पॉल न्यूटन यांनी मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या रानात हे नातं बारकाईने पाहिलं आणि १९८९ साली त्याबद्दल लिहिलं. जमिनीवरचं गवत वाळून गेलेलं असतं, तेव्हा वरून पडणारा हिरवा पाला म्हणजे चितळांची चंगळच. शिवाय उंचावरच्या वानराला वाघ-बिबट्या लांबून दिसतो. त्याने खाकरल्यासारखी आरोळी दिली की चितळं सावध होतात. रानातले वाटाडे वाघ शोधतात तोही पुष्कळदा या आरोळीवरूनच.

यात झाडाचा काय फायदा? तर आवळ्याची गोष्ट ऐका. आवळ्याची बी टणक आठळीत असते. उत्तराखंडात हरिद्वारजवळ राजाजी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे आवळा कोण कोण खातं, याचा अभ्यास सौम्या प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. वानरं झाडावर चढून आवळे तोडतात, थोडे खातात, बरेचसे खाली पाडतात. चितळं ते पडलेले आवळे गट्ट करतात आणि चालू लागतात. मग दुपारी सावलीत बसून रवंथ करताना टणक आठळ्या तोंडात परत येतात आणि चितळ त्या बाहेर टाकून देतं. झाली पेरणी! आवळ्याने बी दिली, वानराने खाली पाडली, चितळाने दूर नेली. यातल्या कुणाच्याही मनात आवळा लावण्याचा विचार नव्हता.

आता एखाद्या रानातून चितळं शिकारीने संपली असं समजा. वानरं तितकीच आहेत, आवळेही तितकेच लागताहेत. पण पडलेले आवळे उचलणारी गाडीच बंद पडली. झाडाखाली आवळ्यांचा ढीग कुजत पडणार. वरून बघणाऱ्याला रान तेवढंच हिरवंगार दिसेल.

छपरावरून जमिनीवर

महाराष्ट्राच्या खाली, कर्नाटकात शरावती नदीच्या खोऱ्यापासून केरळ-तमिळनाडूपर्यंतच्या सदाहरित रानांत आणखी एक मकाक राहतं. अंग काळंभोर, तोंडाभोवती राखाडी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. हे सिंहपुच्छ माकड जगात दुसरीकडे कुठेही नाही. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत धरण होऊ नये म्हणून जी मोठी चळवळ झाली, तिचं जणू ते बोधचिन्हच होतं. अखेर धरण रद्द झालं आणि १९८४ साली तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

हे माकड खरं तर झाडांच्या शेंड्यांचं रहिवासी. उंच झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतून जे छप्पर तयार होतं, त्यावरच खायचं, खेळायचं, झोपायचं. दाट रानात ते जमिनीवर क्वचितच उतरतं. पण तमिळनाडूतल्या अण्णामलई डोंगरावर, वालपारैजवळ, इंग्रजांच्या काळापासून जंगल तोडून चहा-कॉफीचे मळे झाले. समुद्रात बेटं असावीत तसे रानाचे तुकडे मधे मधे उरले. पुदुतोट्टम नावाच्या अशाच एका तुकड्यात सिंहपुच्छ माकडांच्या टोळ्या अडकून पडल्या. छपराला भोकं पडली. मग काय करतील? जमिनीवर उतरायला शिकली. रस्ता ओलांडू लागली, वस्तीत शिरू लागली, आणि गाड्यांखाली मरूही लागली. आता तिथे रस्त्यावरून झाडा-झाडांना जोडणारे पूल टांगलेले आहेत आणि माकडं ते वापरतात. गाड्या हळू चालवा, असं सांगायला रस्त्यावर माणसंही नेमली गेली.

पण जेवण? रानाच्या तुकड्यात जुनी फळझाडं कमी झाली. कॉफीला सावली हवी म्हणून आफ्रिकेतून मेसॉप्सिस नावाचं झाड आणून लावलेलं होतं. त्याची फळं ही माकडं आवडीने खातात. म्हणजे माळी तोच, त्याची गालपिशवीही तीच. पिशवीतली बी मात्र परक्या झाडाची. एका जातीच्या माकडाची सवय बदलली की रानाचा चेहरा बदलायला सुरुवात कशी होते, ते इथे दिसतं.

डांबरावर पडलेली बी

आता त्या वेफरच्या पुडीकडे येऊ.

पश्चिम बंगालच्या उत्तर टोकाला, भूतानच्या सीमेला लागून बक्सा व्याघ्र प्रकल्प आहे. तिथून रस्ता जातो, आणि रस्ता आला की थांबणाऱ्या गाड्या आल्या, केळी-बिस्किटं फेकणारे हात आले. अस्मिता सेनगुप्ता, किम मॅकॉन्की आणि सिंधू राधाकृष्ण यांनी तिथल्या ऱ्हीसस माकडांचा पाठलाग करून एक साधा प्रश्न विचारला. माणसं खाऊ घालतात तेव्हा माकडांच्या बी-पेरणीचं काय होतं? त्यांचा निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला.

उत्तर वाचून वाईट वाटतं. आयतं मिळायला लागलं की माकडं दिवसभरात कमी चालतात. त्यांचा फिरण्याचा मुलूखच लहान होतो. रानातली फळं ती कमी खातात, त्यामुळे पेरलेल्या बियाही कमी, आणि त्याही जवळच्या जवळ. आणि त्यातल्या कितीतरी बिया पडतात कुठे? तर जिथे माकडं दिवसभर ठाण मांडून बसतात तिथे, डांबरी रस्त्यावर. डांबरावर पडलेली बी रुजेल कशी?

आपल्या घाटांत काय वेगळं चित्र आहे? धबधबा बघायला थांबलेली गाडी, काच खाली, हातात पुडी, "ये ये!" आणि कठड्यावर रांगेत बसलेली माकडं. त्यांच्या पाठीमागे, हाकेच्या अंतरावर, करवंदं आणि जांभळं पिकलेली असतात. जी पोर माकडिणीच्या पोटाला बिलगून बसलेली असतात, त्यांनी आईबरोबर हिंडून कुठलं झाड केव्हा फळतं हे शिकायचं असतं. कठड्यावर बसून ती काय शिकतात? पुडीचा कुरकुर आवाज ओळखायला शिकतात.

आता आपला दापोली-राजापूरचा मित्र. त्याचं म्हणणं खरं आहे, आणि शहरात बसून त्याला "माकडं जंगलाची माळी आहेत हं" असं ऐकवणं सोपं आहे. त्याच्या बापाने वाढवलेले नारळ आणि हापूसचे आंबे डोळ्यांदेखत जातात. सगळीच माकडं पर्यटकांनी बिघडवली असंही नाही. रानं तुटली, बागा रानाला भिडल्या, हीही कारणं आहेत. पण माणसाच्या हातचं खाऊन भीड चेपलेली टोळी बागेत शिरायला कचरत नाही, हे त्यालाही पटेल. घाटात पुडी देणारा गाडीत बसून निघून जातो. नुकसान सोसतो तो खालच्या गावातला.

१९९२ साली केंट रेडफोर्ड या शास्त्रज्ञाने अशा रानांना एक नाव दिलं होतं: रिकामं जंगल. झाडं उभी, प्राणी गायब. झाडं पुष्कळ वर्षं जगतात, म्हणून आज बी पेरणारं कुणी उरलं नाही तरी तुम्हांला-मला काही फरक दिसणार नाही. जुनी झाडं उभीच असतील. त्यांच्याखालची रोपं मोजली तरच कळेल. बक्सातली माकडं तर मेलेलीही नाहीत, गायबही नाहीत. ती रस्त्यावर बसली आहेत, एवढंच.

तुम्ही काय बघाल?

जवळपास माकडं किंवा वानरं असतील, तर सुट्टीत एक दिवस वही-पेन्सिल घेऊन बसा. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी चालेल. वड, उंबर किंवा जांभूळ फळलेलं असेल असं झाड हेरा आणि पुष्कळ लांब बसा. टोळीतलं एकच माकड निवडा आणि त्याच्यावरच नजर ठेवा. गाल केव्हा फुगले? ते झाडावरच थांबलं की दुसरीकडे गेलं? त्याला कुणी हाकललं का? पहिली बी कुठे थुंकली? ती जागा झाडापासून किती पावलांवर आहे, ते टोळी निघून गेल्यावर मोजा. वानरं असतील तर तासाभरात किती फांद्या-फळं खाली पडली ते मोजा, आणि ती खायला कोण आलं तेही लिहा. चितळ नसलं तर गावातली शेळी येईल! थुंकलेल्या बिया हाताने उचलू नका, काडीने बाजूला करून बघा. पावसाळा सुरू झाल्यावर त्याच जागी पुन्हा जा, कुठल्या बीला कोंब आला ते कळेल.

खाण्याचा डबा मात्र दप्तरात नीट बंद करून ठेवा. आणि दप्तर पाठीला लावू नका, पुढे पोटाशी धरा. माकडांना चेन उघडता येते!